दुसरें मत

अनोळखी माणसाशीं वाद घालण्याची खोड आम्हांस फार जुनी आहे. घरांत आमच्याशीं कोणी वाद घालीत नाहीं. घरांतील वडील माणूस म्हणून मुलें-सुना आमचें बोलणें ऐकून घेतात. पण ऐकून घेण्यानें वादाची हौस भागत नाहीं. मित्रमंडळींशीं वाद घालावा, तर त्यांचीं मतें आम्हांस आणि आमचीं त्यांस इतकीं पाठ झालेलीं आहेत कीं, पहिल्या वाक्यासच दोन्ही पक्ष चहा मागवितात. राहिला तो वाटेंत भेटणारा परका माणूस. आगगाडीचा डबा, एस.टी.ची बस, दवाखान्यांतील बांक हींच आमचीं रणांगणें.

आणि वादाचा विषय? तो बहुधा इंग्लंडचें राजकारण! आमच्या घराण्यांत त्या पार्लमेंटाचें वेड तीन पिढ्यांचें आहे. आमचे आजोबा सडक अर्जुनीस शिक्षक म्हणून आले आणि थोडी धानाची जमीन घेऊन तेथेंच स्थायिक झाले. नागपूरचें इंग्रजी वर्तमानपत्र त्यांस शिळें मिळे, पण तें ते पंचांगासारखें जपून ठेवीत. तें वेड वडिलांकडे आलें, वडिलांकडून आमच्याकडे. सौभाग्यवती म्हणतात, “तिकडचा कोणता पक्ष कोठें पडला तें तुम्हांस मुखोद्गत; आपल्या बांधींत यंदां कोणतें धान लावलें, तें ठाऊक आहे का?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नसतें.

ज्या वाचकांस आमचा मुलूख अपरिचित आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. आमच्या जिल्ह्यांत अर्जुनी दोन आहेत. मोरगांवजवळची ती अर्जुनी मोरगांव. आणि नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या जुन्या सडकेवरची ती सडक अर्जुनी. पूर्वी हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला. झाडी, तलाव, धान आणि विडीचा पाला यांचा हा प्रदेश. येथें बसून वेस्टमिन्स्टरची चिंता करणारें आमचें घर बहुधा एकटेंच असेल.

२०२४ सालची गोष्ट. जुलैच्या ४ तारखेस इंग्लंडांत निवडणूक झाली आणि ६ तारखेस आम्ही नागपुराहून बसनें सडक अर्जुनीस निघालों. आषाढ नुकताच लागला होता. दुसऱ्या दिवशीं घरीं सर्व हिस्सेदार जमणार होते. आजोबांच्या जमिनीचें आणि घराचें काय करावें, हें एकदांचें ठरवावयाचें होतें. हिस्सेदार एकंदर सात. जमीन सडकेपासून लांब नाहीं. भाव चांगला येत होता. विकून टाकावी, असें आमचें आणि आमच्या दोघां धाकट्या बंधूंचें मत. चुलतबंधू आणि आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, हीं दोघें तेथेंच राहतात; त्यांस शेती पूर्वीप्रमाणेंच घरीं करावयाची होती. दोघी बहिणींचें म्हणणें, घर ठेवावें आणि जमीन मक्त्यानें द्यावी. तीन, दोन, दोन! घराची रीत अशी कीं, ज्या पक्षास सर्वांत जास्त माणसें, त्याचें ऐकावें आणि मग सर्वांनीं सह्या कराव्या. आम्हीं मनांतल्या मनांत बेरीज केली होती आणि निश्चिंतपणें वर्तमानपत्र उघडलें होतें.

भंडाऱ्यास एक वृद्ध गृहस्थ शेजारीं येऊन बसले. निवृत्त शिक्षक, देवरीस मुलीकडे चालले होते. आमच्या हातांतील पानाकडे पाहून त्यांनीं सहज विचारलें, “काय, मजूर पक्षाचा मोठा विजय झाला म्हणे?” एवढें निमित्त आम्हांस पुरें होतें.

आम्हीं इंग्लंडच्या निवडणूक-पद्धतीची थोरवी गाण्यास आरंभ केला. एक मतदारसंघ, एक प्रतिनिधि; ज्यास सर्वांत जास्त मतें तो निवडून आला; खेड्यांतील आजीसहि कळेल अशी रीत. सरकार स्थिर, जबाबदारी स्पष्ट. आणि तीच रीत आपण लोकसभेस घेतली, हें आपलें शहाणपण.

गुरुजींनीं शांतपणें विचारलें, “शंभरांत मतें किती पडलीं त्यांस?”

अखेरचे आंकडे वाचकांनींहि पाहून ठेवावेत. मजूर पक्षास शेंकडा ३३.७ मतें मिळालीं आणि ६५० पैकीं ४११ जागा. मतदानास गेले ते शेंकडा साठांच्या आंत. म्हणजे ज्यांस मताचा अधिकार होता त्यांतील पांचांत एकानें या सरकारास मत दिलें. रिफॉर्म नांवाच्या पक्षास सुमारें ४१ लाख मतें आणि जागा ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षास सुमारें ३५ लाख मतें आणि जागा ७२! पहिल्याचीं मतें देशभर पातळ पसरलेलीं, दुसऱ्याचीं कांहीं ठिकाणीं दाट. मत कोणास दिलें यापेक्षां तें देणारा राहतो कोठें, यावर त्याची किंमत ठरते.

आम्ही डगमगलों नाहीं. म्हटलें, “अहो, ही रीत बदलावी काय, असें त्या लोकांस २०११ च्या मे महिन्यांत विचारलें होतें. शेंकडा ६७.९ जणांनीं ‘नको’ म्हणून सांगितलें.”

“विचारलें काय होतें?” गुरुजी म्हणाले. “एका प्रतिनिधीच्या मतदारसंघांत पसंतीक्रमाचे आंकडे लिहावे काय, एवढेंच. मतांच्या प्रमाणांत जागा द्याव्यात काय, हा प्रश्न नव्हताच. आणि त्या मतदानास गेले शेंकडा बेचाळीस. तुमच्या स्थिर रीतीनें १९५१ सालीं काय झालें होतें? मजूर पक्षास मतें जास्त आणि चर्चिलसाहेबांस जागा जास्त!”

हा माणूस कच्चा नव्हे, हें आम्ही ओळखलें. आणि खरें सांगावयाचें तर आनंद झाला. आम्हीं ठेवणींतलें अस्त्र काढलें. “घटनासमितींत १९४९ च्या जानेवारींत हाच प्रश्न निघाला होता. आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. आणि ती नको म्हणून उत्तर दिलें, तें डॉ. आंबेडकरांनीं. ही पद्धत चालावयाची तर लोक साक्षर हवेत, हें एक. आणि ती आणली तर कायदेमंडळाचे इतके तुकडे होतील कीं स्थिर सरकार टिकणार नाहीं, हें दुसरें.”

गुरुजी हंसले. “दुसरें कारण मला आजहि मान्य आहे, तें साधें नाहीं. पहिल्याचें मात्र बोला. १९५१ च्या गणतींत साक्षर होते शेंकडा अठरा. आतां तसें आहे काय? तुम्ही पदवीधर ना? नागपूर पदवीधर मतदारसंघांत १ डिसेंबर २०२० रोजीं मत दिलें असेल?”

“दिलें.”

“कसें दिलें?”

आम्ही गप्प राहिलों. कारण केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या शाईच्या लेखणीनें आम्हीं उमेदवारांपुढें १, २, ३ असे आंकडेच लिहिले होते. विधानपरिषदेच्या पदवीधर जागांस हीच पसंतीक्रमाची रीत आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार गळाला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातें. राज्यसभेची आणि राष्ट्रपतींची निवडणूकहि पसंतीक्रमानेंच होते. म्हणजे ही रीत आपल्या घटनेंत पहिल्यापासून आहे. फक्त ती सामान्य मतदाराच्या हातीं दिलेली नाहीं.

“आम्हांला जमतें, इतरांना जमणार नाहीं, असेंच ना तुमचें म्हणणें?” गुरुजींनीं विचारलें. त्यांच्या स्वरांत राग नव्हता. म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

लाखनी मागें पडली. पाऊस सुरू झाला होता आणि खिडकीचा कांच नीट बसत नव्हता. आतां ते म्हणाले, “इंग्लंडचें राहूं द्या. आपल्या भंडाऱ्याची १९५४ ची निवडणूक तुम्हांस ठाऊक आहे काय?”

ठाऊक होती. पण त्यांच्या तोंडून ऐकावी, असें वाटलें. त्यांनीं सांगितलेली हकीकत आणि आमची माहिती एकत्र करून येथें देतों, कारण नव्या पिढींतील पुष्कळांस ती ठाऊक नसते.

तेव्हां आपला भाग मध्यप्रदेशांत होता आणि राजधानी होती नागपूर. लोकसभेचा भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. अशा मतदारसंघांत प्रत्येक मतदारास, मग तो कोणत्याहि जातीचा असो, दोन मतें असत. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, आणि तींत मतपत्रिका टाकावयाची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत येथें काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते. पण ते ज्या पेढीचे भागीदार होते तिचा फौजेस विड्या पुरविण्याचा सरकारशीं करार होता. शिवाय राखीव जागेसाठीं गंगाराम ठवरे यांनीं भरलेला अर्ज, ते महानुभाव पंथांत गेल्यामुळें महार राहिले नाहींत असें म्हणून, नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयानें १५ फेब्रुवारी १९५४ रोजीं निकाल दिला. निकाल लिहिला तो न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं, जे पूर्वीं आपल्या नागपूरच्याच उच्च न्यायालयांत होते. पंथ घेतल्यानें जात सुटली नाहीं, अर्ज चुकीनें नाकारला. सबब सगळीच निवडणूक रद्द. दोन्ही जागांसाठीं फिरून मतदान घ्यावें लागलें.

त्या मतदानांत राखीव जागेसाठीं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ सालीं उत्तर मुंबईच्या अशाच दोन जागांच्या मतदारसंघांत ते नारायण काजरोळकर यांच्याकडून १४,५६१ मतांनीं पडले होते. नंतर ते राज्यसभेवर गेले. म्हणजे ज्या पसंतीक्रमाच्या रीतीस लोकसभेसाठीं त्यांनीं नकार दिला होता, तिनेंच त्यांस संसदेंत बसविलें. भंडाऱ्यास सर्वसाधारण जागेसाठीं प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. त्या पक्षाशीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा समझोता होता: आपल्या मतदारांनीं दोन्ही मतें या दोघांस द्यावीं.

“आतां हिशेब पाहा,” गुरुजी बोटें मोजीत म्हणाले. “राखीव जागा मिळणार ती अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्यास जास्त मतें त्यास. उरलेल्या सर्वांत जो पुढें, त्यास सर्वसाधारण जागा. मग तो कोणीहि असो. म्हणजे काँग्रेसचे भाऊराव बोरकर बाबासाहेबांच्या पुढें गेले, तरी बाबासाहेब मेहतांच्या आणि इतरांच्या पुढें असते, तर सर्वसाधारण जागा बाबासाहेबांस मिळती. फेडरेशनच्या मतदारांनीं दुसरें मत मेहतांस न देतां फुकट घालविलें असतें, तर मेहता तितके खालीं आले असते. असें करूं, म्हणून कार्यकर्त्यांनीं सुचविल्याची आठवण आमच्याकडे सांगतात. मत वाया घालवा असें मी सांगणार नाहीं, असें बाबासाहेबांनीं उत्तर दिलें म्हणतात. माझे वडील त्या वेळीं पायीं गांवोगांव हिंडत होते. त्यांनीं आपलें दुसरें मत मेहतांच्याच पेटींत टाकलें. मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले.”

हा हिशेब कल्पनेंतला नाहीं. १९५७ सालीं आंध्रांत पार्वतीपुरमच्या दोन जागांच्या मतदारसंघांत अनुसूचित जमातीचे दोन्ही उमेदवार वर आले आणि सर्वसाधारण जागेवरचे व्ही. व्ही. गिरी पडले. त्यांनीं दाद मागितली. न्यायालयानें नियम तसाच आहे म्हणून सांगितलें. पुढें १९६१ च्या कायद्यानें दोन जागांचे मतदारसंघच बंद झाले.

“वडील शेवटपर्यंत म्हणत,” गुरुजी पुढें म्हणाले, “आमचें दुसरें मत आम्हीं तिकडे पोंचविलें, तिकडचें दुसरें मत आमच्याकडे किती आलें, तें कोणी सांगत नाहीं.”

वाचकहो, येथें आमची जीभ टाळूस चिकटली. कारण त्यांतील एका मताचें काय झालें, तें आम्हांस ठाऊक होतें.

आमच्या आजोबांनीं त्या दिवशीं सडक अर्जुनीस मत दिलें होतें. मिल्लचे ग्रंथ वाचलेला, स्वातंत्र्य आणि समता यांवर मुलांकडून निबंध लिहवून घेणारा तो माणूस. त्यांनीं एक मतपत्रिका अशोक मेहतांच्या पेटींत टाकली. दुसरी काँग्रेसला द्यावयाची नव्हती. आणि बाबासाहेबांच्या पेटींत टाकण्यास हात धजला नाहीं. ती कोणत्याच पेटींत न टाकतां तशीच ठेवून ते बाहेर आले. ही गोष्ट त्यांनीं वडिलांस सांगितली आणि वडिलांनीं एका उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत आम्हांस सांगितली. सांगतांना ते म्हणाले, “अण्णांस पुढें फार लागून राहिलें होतें. पण बोलले कोणापाशीं नाहींत.”

आमच्या घरीं आजोबांच्या पार्लमेंट-वेडाच्या गोष्टी मोठ्या कौतुकानें सांगतात. ही सांगत नाहींत.

बसमध्यें त्या वेळीं एक वाक्य बोलणें आमचें काम होतें. तें आम्हीं बोललों नाहीं. ‘असेल, असेल,’ असें कांहीं तरी पुटपुटलों. जन्मभर परक्यांशीं तासन्‌तास बोलणारा माणूस जेथें बोलावयाचें तेथें गप्प राहिला. साकोली गेली, सौंदड गेलें, आमचें गांव आलें. गुरुजींनीं आमची पिशवी खालीं देण्यास हात पुढें केला आणि म्हणाले, “वाद छान झाला. पुन्हां भेटूं.” बस देवरीकडे निघून गेली. त्यांचें नांव विचारण्याचेंहि आम्हांस सुचलें नव्हतें.

त्या रात्रीं जुन्या घरांत आम्हांस झोंप लागली नाहीं. तीन, दोन, दोन! ही बेरीज आतां पूर्वीसारखी गोड वाटेना. विकूं नये म्हणणारे चौघे होते, आणि ते दोन ठिकाणीं वांटले गेले म्हणून आम्ही तिघे जिंकणार होतों. ज्या रीतीची आम्हीं बसमध्यें थोरवी गाइली, ती आम्हांस एवढी प्रिय कां, हें त्या रात्रीं कळलें. आमचा पक्ष तींत जिंकत होता.

सकाळीं चहा झाल्यावर आम्हीं सातही जणांस कागदाचे चिटोरे दिले आणि सांगितलें कीं, प्रत्येकानें पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहावी. मग एकेक दोन प्रस्ताव समोरासमोर ठेवून मोजूं. धाकटे बंधू चमकले. म्हणाले, “दादा, हें काय नवीन? रीत ठरलेली आहे.” आम्हीं म्हटलें, “मोजून तर पाहूं.”

मोजलें. विकणें विरुद्ध घरची शेती: तीन आणि चार. विकणें विरुद्ध मक्ता: तीन आणि चार. घरची शेती विरुद्ध मक्ता: दोन आणि पांच, कारण विकणाऱ्या आम्हां तिघांचीहि दुसरी पसंती मक्त्यास होती. म्हणजे जो प्रस्ताव फक्त दोघींचा होता, तोच बहुतेकांस चालण्यासारखा निघाला. घर राहिलें, जमीन तीन वर्षांच्या मक्त्यानें गांवांतल्याच एका कुटुंबास दिली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, पहिल्यांदाच कोणीं मला दुसरें काय चालेल, असें विचारलें.”

हें सर्व गोड झालें, असें मात्र कोणी समजूं नये. धाकट्या बंधूंस घराच्या कर्जासाठीं पैशाची गरज होती आणि ती खरी होती. हातांत आलेला निकाल वडील भावानें नवी रीत काढून उलटविला, हा त्यांचा आक्षेप. आणि तो सर्वस्वी खोटा आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांचा फोन अजून पूर्वीसारखा येत नाहीं. रीत बदलली कीं कोणाचें तरी जातें. ज्याचें जातें त्यास ती बदलण्याआधीं विचारलें पाहिजे होतें, हें आम्ही त्या सकाळच्या उत्साहांत विसरलों.

इंग्लंडांत आमची एक पुतणी नोकरीस आहे. राष्ट्रकुलांतील देशाची नागरिक म्हणून तिला तेथें पार्लमेंटास मत देतां येतें; येथलें मत द्यावयाचें तर मात्र स्वतः येऊन रांगेंत उभें राहावें लागतें. तिनें त्या निवडणुकीविषयीं कळविलें कीं, आवडत्या उमेदवारास मत देऊन उपयोग नव्हता म्हणून नावडता पडावा एवढ्यासाठीं तिसऱ्यास दिलें. तिच्या आजीच्या घराचा निकाल आम्हीं तिला कळविला, तेव्हां तिचें उत्तर आलें, “काका, तुम्ही सुधारलांत कीं!”

पूर्ण सुधारलों नाहीं. स्थिर सरकाराविषयींची आमची भीति अजून गेलेली नाहीं, आणि देवरीचे गुरुजी पुन्हां भेटले तर त्या मुद्यावर आम्ही त्यांच्याशीं भांडूं. पण त्याआधीं त्यांस तें एक वाक्य सांगावयाचें आहे. त्यांच्या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर एका मतापुरतें तरी आमच्या घरीं आहे. ज्या घरांत हें मासिक जातें, अशा आणखी कित्येक घरांत त्याच प्रश्नाचीं उत्तरें वडील माणसांनीं मनांत ठेवलेलीं असतील. आजोबा गेले, बस निघून गेली, म्हणून येथें लिहून ठेविलें.